तुझी फिल्म सतराव्या पानावर आहे

ताई,
मी शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही सात जण मिळून एक झॉम्बी कॉमेडी करतोय. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात झॉम्बी घुसतात, अशी गोष्ट आहे. पटकथा चाळीस पानांची झालीय. त्यात तीस झॉम्बी आहेत, छतावर मारामारी आहे, शेवटी हेलिकॉप्टर येतं. शूटला चार दिवस मिळतील. कॅमेरा म्हणजे फोन, आणि पैसे जवळपास नाहीतच. कॅमेरा करणारा मित्र म्हणतो, कर्ज काढून चांगला कॅमेरा आणू. मेकअपला दोन मैत्रिणी आहेत. वाचनाला सगळे पोट धरून हसले होते, पण परवा एक सीन करून पाहिला तर कुणालाच हसू आलं नाही. मुख्य काम करणारीला मात्र प्रत्येक टेकला हसू फुटतं. आता दोघांनी 'बघू, जमलं तर येतो' म्हणायला सुरुवात केलीय. रक्त कसं करायचं? इतके झॉम्बी कुठून आणायचे? आणि मुळात हे करावं की सोडून द्यावं? शेवटही पटत नाहीये. पटकथा, त्या सीनची क्लिप आणि सामानाची यादी सोबत जोडतेय.
– अर्धमेली दिग्दर्शिका

प्रिय अर्धमेली,

सोडून देऊ नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्राच्या शेवटापर्यंत येताना तुझा आवाज बसत गेलेला मला जाणवला.

तुझी चाळीसही पानं वाचली. काल रात्री एकदा आणि आज सकाळी पुन्हा. मी वीस वर्षं संकलन करते आहे. दुसऱ्यांनी शूट केलेल्या ढिगातून 'यात फिल्म कुठे आहे' ते शोधणं हेच माझं रोजचं काम. तुझ्या पटकथेत ती सतराव्या पानावर आहे. दाराला टेबल लावलंय, टेबलाला पाठ लावून दोघी रूममेट बसल्यात, बाहेरून दार धडधडतंय आणि त्या भांडतायत की चार्जर कुणाचा. एक म्हणते, 'टेप लावलेला माझा.' दुसरी म्हणते, 'टेप मी लावला.' तेवढ्यात दारावरच्या फुटक्या काचेतून एक हात आत येतो, चाचपडायला लागतो. त्यातली एक जण बोलणं न थांबवता, हाताकडे न बघता, चार्जर उचलते आणि त्याच्या टप्प्याबाहेर ठेवते.

मी एकटीच बसले होते, आणि मोठ्यानं हसले. पण तू हा प्रसंग सव्वा पानात उरकलास आणि अठराव्या पानावर सगळ्यांना छतावर पळवलंस. तिथून पुढे बावीस पानं मला एकदाही हसू आलं नाही. छत सोड. हेलिकॉप्टर सोड. एक खोली, एक दार, दोघी मुली, एक चार्जर, एवढ्यावर आठ-नऊ मिनिटांची फिल्म कर.

राग येणार, हे मला कळतं. पण कागद घेऊन माझ्याबरोबर हिशेब कर. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. चाळीस पानं चार दिवसांत म्हणजे रोज दहा. नवखं युनिट मन लावून काम करतं तेव्हा दिवसाला दोन-अडीच पानं नीट होतात, आणि रक्त, झटापट, मेकअप आला की त्याहून कमी. आता तीस झॉम्बी बघ. एका चेहऱ्याला अर्धा तास धरला तरी पंधरा तास. मेकअपला दोघी आहेत, म्हणजे साडेसात तास. पहिल्या झॉम्बीला पहाटे बसवलंस तर शेवटचा तयार होईपर्यंत दुपार उलटलेली असेल आणि पहिल्याचा चेहरा घामानं उतरलेला असेल. परवाच्या त्या दोघांनी 'जमलं तर येतो' म्हटलं, ते तुझ्यावर रुसून नव्हे. चार दिवसांत हे होणार नाही हे त्यांना दिसलंय, फक्त तुला सांगवत नाहीये.

पैसे नाहीत म्हणून तू हळहळतेस, पण तुझं खरं बजेट म्हणजे त्या सात जणांचे तास. ते तुला फुकट मिळालेत, पण अमर्याद मिळालेले नाहीत. आठ पानांना चार दिवस असतील तर प्रत्येक शॉटला तालीम मिळेल, चुकला तर दुसरा टेक मिळेल, आणि चौथ्या दिवशी राहिलेलं पुन्हा घेता येईल.

एका घरात कोंडलेली माणसं आणि बाहेर मेलेले, हा साचा गरजेतूनच आला. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या झॉम्बीपटाचं बजेट साधारण एक लाख चौदा हजार डॉलर होतं, म्हणजे 1968च्या मानानंही किरकोळ. बहुतेक फिल्म एका जुन्या शेतघरात घडते. ते घर पाडायचंच होतं, म्हणून त्याची हवी तशी मोडतोड करता आली. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप चाललं. आणि पडद्यावर सगळ्यात जास्त वेळ कोण आहे? मेलेले नव्हेत. तळघरात लपायचं की वर थांबायचं यावर हमरीतुमरीवर आलेली जिवंत माणसं. म्हणजे तुझं चार्जरचं भांडण त्याच घरातलं आहे. फक्त तुझ्या दोघींचा विषय आणखी लहान आहे, आणि तो जितका लहान तितकं हसू मोठं.

आता परवाच्या सीनबद्दल. तू पाठवलेली क्लिप बघितली. कागदावर हसवणारा सीन कॅमेऱ्यापुढे का पडला, त्याचं कारण मला पहिल्या दहा सेकंदांत दिसलं. दोघीही विनोद करतायत. डोळे मोठे, आवाज वर, प्रत्येक वाक्याला हातवारे. वाचनाला सगळे हसले कारण तिथे सगळ्या जणी आपलं वाक्य सरळ वाचत होत्या. विनोद लिहिलेला आहे, तो पुन्हा करून दाखवायची गरज नाही. दोघींना सांग की ही कॉमेडी नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा तुमचं असं भांडण होतंय की यानंतर मैत्री टिकेल का सांगता येत नाही. चार्जरच्या आडून मागचं सगळं निघतंय: ती माझ्या वाढदिवसाला आली नाही, मी तिच्या नोट्स तिला न विचारता घेतल्या. त्या दोघी ज्या पोटतिडकीनं भांडतील त्यावरच प्रेक्षक हसतील. झॉम्बी त्यांच्यासाठी गौण आहे, आणि प्रेक्षकासाठी तो अजिबात गौण नाही. हसू त्या फटीतून येतं.

म्हणून झॉम्बीनंही विनोद करायचा नाही. तो खराखुरा भयंकर हवा. धडपडणारा, दात विचकून कॅमेऱ्याकडे बघणारा झॉम्बी दिसला की दार फुटेल याची भीती गेली. आणि ती भीती गेली की दोघींचं भांडणही नुसतं भांडण उरतं.

चार्जर सरकवण्याचा शॉट घेताना एक काळजी घे. क्लिपमध्ये तू हाताचा क्लोजअप घेतलास, मग चार्जरचा, मग मुलीच्या चेहऱ्याचा. तीन तुकडे झाले आणि हसू तिन्हीच्या मधे सांडलं. हे सगळं एकाच चौकटीत दिसू दे. कॅमेरा समोर, थोडा लांब, स्थिर. डावीकडे एक, उजवीकडे दुसरी, मधे वर काच. हात येतो, बोलणं चालू, चार्जर सरकतो, बोलणं चालूच. प्रेक्षकाला हात आधी दिसला पाहिजे आणि मुलींना तो दिसूनही न दिसल्यासारखा असला पाहिजे. कॅमेऱ्यानं बोट दाखवून 'बघा, विनोद' असं म्हटलं की संपलं. क्लोजअप जपून ठेव. तो फिल्ममध्ये एकदाच लागणार आहे, त्याच्याकडे शेवटी येते.

मुख्य मुलगी हसते म्हणून तिला बदलू नकोस. क्लिपमध्ये तिचं टायमिंग तुम्हा सगळ्यांत चांगलं आहे. हसू फुटतं ते सीन नवा असताना. कॅमेरा न लावता तालीम करा, पंधरा वेळा करा, वीस वेळा करा. तिचं हसून हसून पोट दुखेल, मग कंटाळा येईल, आणि त्या कंटाळ्याच्या पलीकडे ती खरोखर भांडायला लागेल. त्या दिवशी शूट कर. सेटवर तिच्या नजरेच्या रेषेत उभ्या असलेल्या सगळ्यांना बाजूला घे. हसू बहुतेकदा समोर दाबून हसणाऱ्या मित्राचं तोंड बघून येतं. तरीही टेकमध्ये फुटलीच तर 'कट' म्हणू नकोस. कॅमेरा चालू ठेव, तिला श्वास घेऊ दे, दोन वाक्यं मागे जाऊन पुढे चला. मला एडिटवर असे टेक फार उपयोगी पडलेत. हसू आवरल्यानंतरच्या क्षणी माणसाचा चेहरा विलक्षण गंभीर असतो.

लिहिण्याचं एक काम अजून बाकी आहे. तुझ्या चाळीस पानांत एक झॉम्बी पळतो, दुसरा रखडतो. एक जण चावल्याबरोबर बदलतो, दुसरी तीन सीन बोलत राहते. बैठक मारून नियम ठरवा. तीन-चारच, पण पक्के. मी तुझ्या जागी असते तर ठरवलं असतं: ते सावकाश चालतात, आवाजाकडे येतात, आणि चावल्यापासून किंवा ओरबाडल्यापासून पाच मिनिटांत माणूस जातो. बघ, 'आवाजाकडे येतात' एवढं ठरल्याबरोबर सतराव्या पानाला धार आली. आता त्या दोघींचं भांडणच झॉम्बींना दाराशी गोळा करतंय. गप्प बसल्या तर वाचतील, आणि तेवढंच त्यांना जमत नाहीये. मग कुजबुजत भांडतील. कुजबुजत भांडणाऱ्या दोन माणसांवर मी तासभर फिल्म बघू शकेन. नियम पहिल्या मिनिटातच, एका वाक्यात सांगून टाक, नाहीतर न बोलता दाखव.

तीस झॉम्बींचं काय, तर बारा पुरतात. तेही तीन प्रकारचे. कॅमेऱ्याजवळ येणारे तीन, त्यांना पूर्ण मेकअप, प्रत्येकी चाळीस मिनिटं. त्यांच्या मागचे पाच, त्यांना फिकट चेहरा, डोळ्यांभोवती काळपट जांभळी सावली, ओठ कोरडे. दहा मिनिटं. उरलेले चार अगदी मागे, धूसर. त्यांना फक्त मळका शर्ट आणि विस्कटलेले केस. बेरीज केलीस तर तीन तासांच्या आसपास येते, दोघींनी मिळून दीड तास. मोठ्या सिनेमांतही गर्दी अशीच उभी करतात. कॅमेरा लांब नेऊन झूमनं घेतलंस तर माणसं एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात आणि बाराचे पंचवीस होतात. पण फोनचा डिजिटल झूम चित्र फोडतो, तेव्हा फोनला दूरचं जवळ आणणारी वेगळी टेली लेन्स असेल तरच हे कर. नसेल तर चार जणांना कॅमेऱ्याच्या अगदी जवळून आडवं जाऊ दे, नुसते खांदे आणि डोकी. डोळा उरलेली गर्दी स्वतः भरतो. आणि तुझ्या फिल्ममध्ये दार बंद आहे! खिडकीतून एकदा दिसले की पुढचं काम आवाजाचं.

झॉम्बीची चाल शिकवताना 'झॉम्बीसारखं चाला' म्हणू नकोस, सगळे हात पुढे करून चालतील. प्रत्येकाला एक मोडलेला सांधा दे. तुझा डावा घोटा नाही. तुझी मान उजवीकडे वळत नाही. तुझा खांदा निखळलाय. शरीराला एक अडचण मिळाली की बाकीचं शरीर आपोआप तिच्याभोवती हलतं. आणि पापणी कमी लववायला सांग, पण ती सक्ती नको, डोळ्यांतून पाणी येतं.

जखमांसाठी लिक्विड लेटेक्स (सुकल्यावर रबरासारखं होणारं द्रव) आणि टिश्यू पेपर हा विद्यार्थ्यांचा जुना रस्ता आहे. पातळ थर, त्यावर फाडलेला टिश्यू, पुन्हा थर, सुकू दे, मग मधे चीर पाडून कडा उचल आणि आत गडद लाल-तपकिरी भर. पण दोन गोष्टी मोडायच्या नाहीत. एक, प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी लेटेक्सचा ठिपका लावून चोवीस तास बघायचं. काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते आणि ती गंभीर असू शकते. खाज किंवा लाली दिसली तर त्या मुलाला मागच्या रांगेत मळका शर्ट घालून उभं कर. दोन, भुवया, केस, दाढी आणि डोळ्यांच्या जवळ लेटेक्स नाही. निघताना ते केस घेऊन येतं. काढताना ओढायचं नाही, तेल चोळून सैल करायचं. पांढऱ्या बुबुळांच्या लेन्सचा हट्ट तुझ्या यादीत दिसला. तो सोड. नेत्रतज्ज्ञाला न दाखवता घातलेल्या, त्यात एकीच्या दुसरीनं वापरलेल्या लेन्स डोळ्याला कायमची इजा करू शकतात. कुठल्याही शॉटची तेवढी किंमत नाही.

आणि रक्त. कॉर्न सिरप नाहीतर साखरेचा घट्ट पाक, त्यात खाण्याचा लाल रंग. एवढंच केलंस तर कॅमेऱ्यात ते सरबत दिसतं. त्यात निळ्या रंगाचा एक थेंब घाल, खरंच एकच, आणि चमचाभर कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून घाल. निळ्यानं गुलाबी झाक मरते, कोकोनं पारदर्शकपणा जातो. मग एका पांढऱ्या बशीत घेऊन बशी तिरकी कर. खरं वाटणारं रक्त खाली ओघळताना मागे पातळ लाल पडदा सोडतं आणि कडेला गडद होतं. लगेच सरकून बशी स्वच्छ झाली तर ते पातळ आहे, जागचं हललं नाही तर घट्ट. त्यानंतर ज्या कपड्यावर लागणार त्याच कपड्याच्या तुकड्यावर, ज्या दिव्यात शूट होणार त्याच दिव्यात, फोनमधून बघ. डोळ्यांना बरोबर वाटलेलं रक्त फोनला केशरी दिसू शकतं. तोंडात घ्यायच्या रक्तात फक्त खाण्याचे पदार्थ. कपड्यांचे डाग सुटावेत म्हणून कुणी त्यात भांड्याचा साबण घालतं, तसं केलंस तर ती बाटली वेगळी ठेव आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिही. खाण्याचा रंग कातडीवर दिवस-दोन दिवस राहतो, तेव्हा आधी पातळ व्हॅसलिनचा हात फिरवा. फरशीवर सांडलेलं लगेच पुसा. घसरून पडणं हा सेटवरचा सगळ्यात सोपा अपघात आहे, आणि पाकाला तासाभरात मुंग्या लागतात.

स्वच्छ शर्टाचे सगळे शॉट आधी घे. शर्टावर डाग एकदाच पडतो. एकसारखे तीन शर्ट मिळाले तर उत्तम. नाहीतर डाग पडल्याबरोबर समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवायचं काम एकाच माणसाकडे दे. एडिटवर बसल्यावर छातीवरचा डाग शॉटागणिक डावीकडून उजवीकडे उड्या मारताना दिसला की त्यावर औषध नसतं.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ते सांगते. आवाज. मी विद्यार्थी असताना आम्ही एका खोलीत तीन दिवस शूट केलं. चित्र सुंदर आलं होतं. आवाज कॅमेऱ्याच्याच माइकवर घेतला होता आणि डोक्यावर पंखा चालू होता. एडिटला बसलो तर प्रत्येक संवादाखाली घरघर, आणि कट झाला की घरघरीचा सूर बदलायचा. डबिंग केलं, पण ज्या मुलीनं शूटला खरोखरचं रडत एक वाक्य म्हटलं होतं, तिला ते स्टुडिओत पुन्हा नाही म्हणता आलं. ते वाक्य गेलं. आज इतक्या वर्षांनीही मला ते तसंच्या तसं आठवतं आणि कुणालाच ऐकवता येत नाही.

प्रेक्षक अंधुक चित्र माफ करतो. न ऐकू येणारा संवाद नाही करत, आणि विनोदात तर एक शब्द हुकला की विनोदच हुकला. तुमच्यातल्या एका जणाला फक्त आवाजाचं काम दे, दुसरं काहीही नको. दुसरा फोन रेकॉर्डरसारखा वापर, चौकटीच्या अगदी बाहेर, बोलणारीच्या हातभर अंतरावर. दोघींच्या मधे टेबलाखालीही लपवता येईल, पण टेबल हादरणार असेल तर खाली जाड कापड घाल. दोन्ही फोन फ्लाइट मोडवर. प्रत्येक टेकला टाळी, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केलास की स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेव, म्हणजे घरी जाताना तो परत चालू करायचं विसरणार नाहीस. आवाजाचं काम करणारे लोक हे खरंच करतात. खोली सोडण्यापूर्वी सगळ्यांना अर्धा मिनिट गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज घे. आणि ज्या शॉटमध्ये दार धडधडतंय त्यात शूटच्या वेळी दार वाजवू नकोस. दोघींनी दार वाजतंय असं धरून अंगानं हादरायचं, धडधड नंतर वेगळी घ्यायची. नाहीतर निम्मी वाक्यं दाराखाली जातील.

तुझे न दिसणारे अठरा झॉम्बी याच आवाजात राहतात. बारा जणांना एका बंद दारामागे उभं करून दोन-दोन मिनिटांचे घोगरे आवाज घे. एकदा लांबून, एकदा दाराला तोंड लावून. मग ते एकावर एक चढव. हे शूटच्या शेवटी कर, कारण घसा बसतो. हाड मोडल्याच्या आवाजासाठी गाजर मोड, मांसाच्या आवाजासाठी ओला टॉवेल पिळ, नखांच्या आवाजासाठी लाकडावर कंगवा फिरव. दिवे घालवून, हेडफोन लावून ऐक.

कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. तुमच्या फोनमध्ये ही फिल्म होते. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चित्र उजळ-काळं होत राहतं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, 24 किंवा 25 धरा आणि सगळ्या शॉटला तोच ठेवा. खोलीतला दिवा फडफडताना दिसला तर तुमच्या विजेच्या वारंवारतेप्रमाणे शटरचा वेग 1/50 किंवा 1/60 सेकंद करा. कॅमेरा हातात धरायचा असेल तर त्याला कथेत कारण असू दे. एडिटला दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती भरपूर झाली. त्या मित्राची ऊर्जा दिव्यांवर लाव. वीज गेलीय असं दाखवून एका बाजूनं एकच टेबललॅम्प किंवा टॉर्च, बाकी अंधार. अंधार मेकअपची निम्मी मेहनत वाचवतो. रोज रात्री फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कुणी झोपायचं नाही.

मित्रांना धरून ठेवायचं म्हणतेस, तर त्यांना पकडून ठेवू नकोस. आज रात्री सगळ्यांना फोन कर, स्वतः, ग्रुपवर नाही. सांग की चाळीसची आठ पानं झालीत. कुणाला कुठल्या दिवशी किती वाजता यायचं आणि किती वाजता सुटायचं ते लिहून दे, आणि सुटायची वेळ पाळ. शॉट राहिला तरी पाळ. पहिल्या दिवशी तू शब्द पाळलास की चौथ्या दिवशी ते आपणहून तासभर थांबतील. दोन वेळचं पोटभर जेवण हा तुझ्या बजेटमधला पहिला खर्च, लेटेक्सच्याही आधी.

कागदपत्रांचं थोडक्यात. जागेची लेखी परवानगी, काम करणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती. शेजारच्या खोल्यांना आणि पहारेकऱ्याला आधी कल्पना दे. रक्तानं माखलेलं माणूस अचानक जिन्यात दिसलं तर कुणीतरी खरोखर घाबरून धावेल. खेळण्यातलं शस्त्रसुद्धा घेऊन बाहेर फिरू नका. लोकप्रिय गाणं वापरू नकोस, मित्राकडून नवं करून घे. आणि श्रेयनामावली दोनदा तपास. रोमेरोच्या त्या फिल्मचं नाव ऐनवेळी बदललं, तेव्हा नव्या शीर्षकपट्टीवर कॉपीराइटची सूचना घालायची राहून गेली, आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानं फिल्म सार्वजनिक मालकीची झाली. आजचे कायदे तसे नाहीत, पण एवढी मेहनत एका विसरलेल्या ओळीवर जाऊ शकते हे डोक्यात असू दे.

राहिला शेवट. हेलिकॉप्टर तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे, कारण ते बाहेरून येतं. तुझा शेवट खोलीतच आहे. मला दिसतो तो असा. काचेतून आलेल्या हातानं दोघींपैकी एकीला ओरबाडलंय, पण ती सांगत नाही. पाच मिनिटांचा नियम आपण पहिल्याच मिनिटाला सांगितलाय, त्यामुळे प्रेक्षक मनात मोजायला लागतो. भांडण चालूच. तिची वाक्यं हळूहळू तुटायला लागतात. दुसरीला वाटतं ही रुसली. मग शब्द संपतात. बाहेरची धडधडही थांबते, कारण आता आत आवाजच नाही. आणि इथे तू जपून ठेवलेला एकमेव क्लोजअप घे. राखाडी पडलेला हात, नखांखाली काळं, थरथरत पुढे येतो. दुसरी श्वास रोखून बघतेय, आपणही. तो हात तिच्या गळ्याकडे जात नाही. जमिनीवर चाचपडतो, टेप लावलेला चार्जर शोधतो, आणि तो तिच्याकडे सरकवतो.

तिथे संगीत घालू नकोस. हात चौकटीत पाच सेकंद राहू दे, वाटलं तर सात. फिल्मचा पहिला कट जोडून झाला की मला पाठव, ती सेकंदं आपण दोघी मिळून मोजू.

तुझी,
ताई